गावकाम आणि पुढारपण
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रामदेवतेच्या कृपेने आणि सर्वांच्या हातभाराने देवालयाचे काम पुरे झाले. जांभ्याचे चिरे वाहणारे हात, पावतीपुस्तक घेऊन चाळीचाळीतून फिरणारे पाय आणि आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून वर्गणी देणारी माणसे, या सर्वांचे हे श्रेय आहे. परंतु कळस चढला म्हणजे गावाचे काम संपले, असे होत नाही. देऊळ बांधणे एक वेळ सोपे. बांधणारी माणसे एकत्र ठेवणे कठीण. पालखी आधी कोणत्या वाडीत जायची, मान कोणाचा, हिशेब कोणी पाहायचा, मुंबई मंडळाचे ऐकायचे की गावकमिटीचे, अशा कारणांनी कोकणातल्या कित्येक गावांत दोन तट पडले आणि देवाच्या दारात बोलणे बंद झाले. म्हणून या मंगल प्रसंगी पुढारपणाचा विचार करणे अस्थानी होणार नाही.

पुढारी साधारणपणे तीन तऱ्हांचे दिसतात. पहिला हुकमी. तो सांगेल ती पूर्व दिशा. दुसरा सर्वांना विचारून, पटवून काम करणारा. तिसरा नुसता खुर्चीवर बसणारा; ज्याला जे करायचे ते त्याने करावे, असे म्हणणारा. कुर्ट लेविन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे गट पाडून या तीन तऱ्हा पारखून पाहिल्या. त्याचा निष्कर्ष 1939 साली प्रसिद्ध झाला. हुकमी प्रमुखाच्या देखत मुलांनी काम भरपूर केले, पण तो खोलीबाहेर जाताच हात थांबले. शिवाय अशा गटांत कुठे आपसांत भांडणे वाढली, तर कुठे मुले नुसती दबून राहिली. विचारून काम करणाऱ्या प्रमुखाच्या गटात तो बाहेर गेला तरी काम चालूच राहिले. मोकाट सोडलेल्या गटात धड काम झाले नाही. यातली खूण गावानेही ध्यानात ठेवावी. पुढाऱ्याची परीक्षा तो हजर असताना होत नाही, तो नसताना होते.

याचा दाखला शोधायला परमुलखात जाण्याचे कारण नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याने या देशाला पुष्कळ पुढारी दिले. लोकमान्य टिळकांचा जन्म 1856 सालचा, रत्नागिरी शहरातला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 1858 सालचा, खेड तालुक्यातल्या शेरवली या आजोळच्या गावचा. त्यांचे घर मात्र दापोलीजवळच्या मुरुडास. दोघेही गणिताचे पंडित. टिळक 1890 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि 1891 साली कर्वे तिच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. पण दोघांची रीत निराळी. लोकमान्यांच्या गर्जनेने देश जागा झाला. कर्व्यांना वक्तृत्व नव्हते, देहाने ते लहानखुरे आणि स्वभावाने भिडस्त. तरीही त्यांनी डोंगराएवढे काम उभे केले. ज्याला बोलता येत नाही त्याने गावकाम करू नये, असे कोणी समजत असेल तर त्याने कर्व्यांचे चरित्र पाहावे.

लहानपणी मुरुडच्या शाळेतल्या सोमण गुरुजींनी त्यांना सार्वजनिक कामाची गोडी लावली. पुढे मुंबईस असताना कर्व्यांनी गावाबाहेर राहणाऱ्या मुरुडकरांकडून वर्गणी गोळा करून मुरुड फंड सुरू केला. आज मुंबई मंडळे जे करतात, ते त्या काळी त्यांनी केले.

ज्या गावासाठी हे केले, त्या गावाने पुढे काय केले? पहिली पत्नी वारल्यावर कर्व्यांनी 1893 साली देवरूखच्या एका बालविधवेशी, गोदूबाईंशी, पुनर्विवाह केला. त्याच आनंदीबाई कर्वे. मुरुडच्या मंडळींनी सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. सख्ख्या आईला आणि भावाला त्यांना घरात घेणे अवघड झाले. दुसरा एखादा असता तर गावाला शिव्या देऊन मोकळा झाला असता, नाहीतर आपला एक तट उभा करून गावात भांडण लावून बसला असता. कर्व्यांनी यातले काही केले नाही. आपला निर्णय बदलला नाही आणि गावाशी वैरही धरले नाही. गाव आज ऐकत नसेल तर उद्या ऐकेल, तोवर काम थांबवायचे नाही, हीच त्यांची वृत्ती दिसते.

1896 साली त्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. पुनर्विवाहावर त्यांची स्वतःची निष्ठा, पण त्याचा प्रचार त्यांनी आश्रमात येऊ दिला नाही. जुन्या वळणाच्या आईबापांनीही आपली लेक विश्वासाने शिकायला पाठवावी, हा त्यातला हेतू. आपले मत आणि संस्थेचे हित यांतला फरक ज्याला कळतो, तोच संस्था चालवू शकतो. पुढे रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याजवळ हिंगण्याला सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. त्यातून एक झोपडी उभी राहिली आणि 1900 साली आश्रम तेथे गेला. कॉलेजातले शिकवणे आटोपले की कर्वे चिखल तुडवीत हिंगण्याला चालत जायचे. या झोपडीमागून 1916 साली महिला विद्यापीठ उभे राहिले. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला 15 लाखांची देणगी दिली. देणगीदारांनी येथे एक गोष्ट पाहावी. पंधरा लाख येण्याआधी वीस वर्षे पै-पैशाचा चोख हिशेब झाला होता. मोठी देणगी विश्वासाच्या मागून येते, ती विश्वास विकत आणीत नाही.

कर्व्यांचे खरे पुढारपण मात्र पैसे जमवण्यात नव्हते, माणसे तयार करण्यात होते. आनंदीबाईंच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले याही देवरूखच्याच. लहान वयात वैधव्य आलेले, केशवपन झालेले, पदरी एक मुलगा. त्या आश्रमात शिकल्या, मग तिथल्या व्यवस्थापिका झाल्या आणि गावोगाव हिंडून आश्रमासाठी निधी जमवू लागल्या. पंचेचाळिशी उलटल्यावर या बाई इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या आणि लोकांच्या घरी घरकाम करून तेथे राहिल्या. ज्या बाईला समाजाने कोपऱ्यात बसवले होते, तिच्या हाती कर्व्यांनी निधीची झोळी आणि जबाबदारी दिली. आपल्या गावांतून स्त्रिया देवळाचा स्वयंपाक करतात, रांगोळ्या काढतात, वर्गणी देतात. कमिटीच्या सतरंजीवर त्यांना जागा किती ठिकाणी मिळते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

देवळाच्या बाबतीतही रत्नागिरीने धडा घालून दिला आहे. गरिबीतून वर आलेले बांधकाम व्यावसायिक दानशूर भागोजीशेठ कीर यांनी स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने रत्नागिरीत पतितपावन मंदिर स्वखर्चाने बांधले. 1931 साली ते सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुले झाले. एकाची कल्पना, दुसऱ्याचा पैसा, आणि दार सर्वांना उघडे. दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी 1947 साली पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात हरिजनांना प्रवेश मिळावा म्हणून उपोषणास बसले. पण त्याआधी कित्येक महिने महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी लोकांची मने वळवली होती. उपोषण शेवटी, समजावणे आधी, हा क्रम विसरता कामा नये.

तेव्हा सज्जनहो, या नव्या सभामंडपात यापुढे ज्या बैठका होतील, त्यांत पाच गोष्टी पाळल्या जाव्यात. निर्णय होण्याआधी प्रत्येक वाडीला विचारावे. निर्णय झाल्यावर कोणी फाटे फोडू नयेत. जमाखर्च दरवर्षी तपासून देवळात सर्वांसमक्ष वाचावा. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानेही हिशेब ठेवणे बंधनकारक आहेच, पण कायद्यापेक्षा गावाच्या डोळ्यांचा धाक मोठा. दर खेपेस दोन तरुण आणि दोन स्त्रिया यांना काम शिकवावे, म्हणजे जुनी मंडळी थकल्यावर कुलपाची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न पडणार नाही. आणि पाचवी, ज्याच्याशी मतभेद झाला त्याच्या घरचे पाणी बंद करू नये. मुरुडने ज्याला वाळीत टाकले, त्याला 1958 साली भारतरत्न मिळाले, आणि आज मुरुड त्यांचे नाव अभिमानाने सांगते.

पालखी कोणा एकाच्या खांद्यावर चालत नाही. पुढच्याला वाट दिसते, मागच्याला दिसत नाही. म्हणून पुढच्याने मागच्याच्या पावलाने चालावे लागते. तो एकटाच धावला तर पालखी कलते. पुढारपणाचे सगळे शास्त्र एवढ्यात आले. ही जाण गावाला राहो आणि देवालयाबरोबर गावकीचाही जीर्णोद्धार होवो, एवढीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.