वाऱ्यावरचा धंदा आणि त्याचा हिशेब



हमालांच्या आणि मजुरांच्या प्रश्नांवर बोलणारा माणूस आज या व्यासपीठावरून नफ्याविषयी बोलणार, हे वाचून काहींना नवल वाटले असेल. परंतु नफा हा शब्द कामगाराने कानांवर हात ठेवून ऐकावा असा मुळीच नाही. धंदा बुडाला म्हणजे पहिल्याने मजुरी बुडते. सावकार आणि मालक यांची पाळी मागाहून येते. म्हणून धंदा नीट चालावा आणि तो कशाच्या जोरावर चालतो हे समाजाला कळावे, यात कामगाराचा मालकाइतकाच स्वार्थ आहे.

आज मी उदाहरणादाखल जो धंदा घेतला आहे तो अगदी नव्या चालीचा आहे. जत्रेत मुले ज्याला ‘मिकी माऊस’ म्हणतात, तो हवा भरून फुगवलेला रबरी वाडा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच जातीच्या मोठ्या घसरगुंड्या आणि त्यांच्या पायथ्याशी पाण्याचा हौद मांडला की वॉटर पार्क तयार होतो. सिमेंटचे बांधकाम नको, मोठी जमीन नको. पावसाळा आला की गुंडाळून ठेवता येते. कळमन्याच्या बाजाराभोवती आणि रिंग रोडच्या कडेला रिकामे तुकडे दिसले की आमच्या तरुणांच्या मनात हा विचार येतो. तो विचार वाईट नाही. त्याचा हिशेब मात्र नीट मांडला पाहिजे.

या वस्तूचा जन्म १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लुईझियाना प्रांतात झाला. जॉन स्कर्लॉक नावाचे इंजिनियर टेनिसच्या मैदानासाठी हवेने फुगणारे आच्छादन तयार करीत होते. त्यांच्या कारखान्यातील माणसे त्यावर चढून उड्या मारू लागली, आणि ते पाहून त्यांना खेळाची कल्पना सुचली, असे सांगतात. म्हणजे या धंद्यातली पहिली उडी कामगाराने मारली आहे, हे ध्यानात ठेवा!

आता हिशेबाकडे वळू. एप्रिलच्या मध्यापासून मृगाच्या पावसापर्यंत आपल्याला साधारण ६० दिवस मिळतात. आकडे मी समजुतीसाठी धरतो. प्रत्येकाने आपापले घालून पाहावेत. १२ लाखांचा संच तीन उन्हाळे टिकला, तर एका हंगामावर ४ लाख पडतात. जागाभाडे ३ लाख धरा. वीज, डिझेल, पाणी, औषध व विमा मिळून २ लाख धरा. माणसे बारा: तिकिटावर दोन, ब्लोअर आणि जनरेटरवर दोन, हौदाच्या चारी बाजूंना चार, घसरगुंडीच्या शिडीवर एक, पाणी गाळण्याच्या यंत्रावर एक आणि सफाईला दोन. रोज ६०० रुपयांप्रमाणे त्यांची मजुरी ४ लाख ३२ हजार होते. एकूण खर्च १३ लाख ३२ हजार. सरासरी २०० मुले रोज आली आणि तिकीट १५० रुपये ठेवले, तर दिवसाचे उत्पन्न ३० हजार आणि हंगामाचे १८ लाख. शिल्लक ४ लाख ६८ हजार. धंदा करण्यासारखा आहे.

येथे हुशार मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की बारा माणसे कशाला? सहांत भागवू. वाचले किती? २ लाख १६ हजार. पण हाच आकडा उत्पन्नाच्या शेजारी ठेवून पाहा. ३० हजारांच्या हिशेबाने ही रक्कम सात दिवसांची झाली. एखादे मूल गटांगळ्या खाऊन दवाखान्यात गेले, पोलिसांनी कुलूप लावले आणि आठ दिवस दार बंद राहिले, तर वाचवलेली सगळी मजुरी गेली. मूल दगावले तर धंदाच गेला. आणि त्या घरचे जे गेले त्याची किंमत कोणत्याच वहीत मांडता येत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मरण पावल्या. नावेत माणसे जास्त होती आणि जीवरक्षक जाकिटे सर्वांना नव्हती. जादा तिकिटांचा आणि न घेतलेल्या जाकिटांचा तो नफा होता काय?

दुसरी गोष्ट वाऱ्याची. फुगवलेला वाडा म्हणजे शीडच. युरोपातील ईएन १४९६० या मानकाप्रमाणे ताशी ३८ किलोमीटरपेक्षा अधिक वाऱ्यात असा वाडा चालवू नये, त्याला निदान सहा ठिकाणी बांधावे, आणि प्रत्येक बंधनाने सुमारे १६० किलोचा ओढ सोसावा. हे कशासाठी? ३८ किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला सुमारे ७ किलो दाब येतो. २० चौरस मीटरच्या भिंतीवर तो १४० किलो होतो. वारा दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. १४० चे ५६० होतात. शिवाय काळ्या मातीला वैशाखात भेगा पडतात, आणि सकाळी घट्ट बसलेली खुंटी संध्याकाळी हाताने उपटता येते. ती रोज तपासणारा माणूस हवा. १६ डिसेंबर २०२१ रोजी ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर, डेव्हनपोर्ट गावी, शाळेच्या मैदानावरील असा वाडा वावटळीने उचलला आणि सहा मुले गेली. पुढे न्यायालयात खुंट्यांवरूनच वाद झाला. २०२५ साली चालकाची सुटका झाली, कारण ती वावटळ आधी ओळखता येण्याजोगी नव्हती असे ठरले. विदर्भात ही सबब कोण सांगेल? चैत्र-वैशाखात भर दुपारी शेतातून फिरणारी वावटळ आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. म्हणून वारा मोजण्याचे हातातले यंत्र आणि ‘मुले खाली उतरवा’ असे म्हणण्याचा अधिकार, दोन्ही ब्लोअरवरच्या माणसाच्या हाती असले पाहिजेत. तिकिटाची रांग पाहून मालकाने त्याला थांबवता कामा नये.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ती तुम्हा-आम्हा सर्वांची आहे. १५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल हौदात १ लाख १२ हजार ५०० लिटर पाणी मावते. शहरात माणशी १३५ लिटरचे मान धरले, तर हे ८३३ माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. पाणी न गाळता दर तिसऱ्या दिवशी ओतून दिले, तर ६० दिवसांत साडेबावीस लाख लिटर लागेल. तेच गाळून, योग्य क्लोरीन घालून आणि वर हिरवी जाळी बांधून पुन्हा वापरले, तर उडालेल्या व सांडलेल्या पाण्याची भर घालूनही तीन-साडेतीन लाखांत भागते. टँकरचे पैसे वाचतात आणि शेजाऱ्याचे शापही वाचतात. अमरावती रोडवरील बाजारगाव हे टंचाईचे गाव. तेथे मोठे जलक्रीडा केंद्र आणि बर्फाचा घुमट उभा राहिला, तेव्हा पी. साईनाथ यांनी २००५ साली ‘द हिंदू’ पत्रात तो विरोध देशापुढे मांडला. ज्या वस्तीत बाया हंडे घेऊन उभ्या आहेत, तेथे ओसंडणारा हौद फार दिवस सुखाने चालत नाही.

मग हे सारे कोण सांभाळणार? पाणी गाळणारा, खुंटी तपासणारा, पाण्यावर डोळा ठेवणारा. उन्हात पाण्याकडे एकटक पाहणाऱ्याची नजर अर्ध्या तासात थकते. त्याला पाळी बदलून सावली मिळाली पाहिजे. हंगाम संपल्यावर संच धुऊन, पुरता वाळवून, घडी घालणारा जाणता माणूस असेल तर तीन उन्हाळ्यांचा संच चार उन्हाळे जातो, आणि वर्षाचे चार लाख तीनवर येतात. पण जाणता माणूस दर वर्षी नाक्यावरून उचलून आणता येत नाही. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला, त्याचे मर्म हेच होते, की आज या दारी आणि उद्या त्या दारी राबणाऱ्याचेही नाव नोंदले जावे, मजुरी ठरलेली असावी आणि आजार-म्हातारपणाची सोय व्हावी. हवेच्या धंद्यातील माणसालाही हजेरीपत्रक, पोहण्याचे व प्रथमोपचाराचे शिक्षण, विमा आणि पुढच्या उन्हाळ्याचे वचन द्या. तो पुढच्या वर्षी परत येईल, आणि त्याच्या भरवशावर आईबाप मुलांना परत आणतील.

आणि आईबापांनो, तुम्हीही केवळ गिऱ्हाईक नाही. तिकीट काढण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: खुंट्या किती, पाण्यावर नजर कोणाची, आणि वीज गेली तर काय? उत्तर न मिळाल्यास मुलाचा हात धरून परत फिरा. तुम्ही दहाजण परत फिरलात तर मालक त्याच संध्याकाळी चार माणसे वाढवील. आमच्या मोर्च्याला तेवढेच करवून घ्यायला कधी वर्ष लागते.