पाच घोटांचा हिशेब

(बोईसर येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ‘वाइन’ हा शब्द पाहून काही जणांनी सकाळीच आम्हाला बाजूला घेऊन विचारले, की संघटनेने आता दारूचा धंदा मांडायचा ठरवले आहे काय? तसे काही ठरवलेले नाही. गेल्या फेब्रुवारीत पालघर, डहाणू आणि विक्रमगड तालुक्यांतले आम्ही सतरा जण एक दिवस नाशिकला जाऊन आलो. तिथे काय पाहिले आणि परतीच्या वाटेवर गाडीत काय भांडण झाले, ते तुमच्यापुढे ठेवायचे आहे. निर्णय तुम्हीच करायचा आहे.

जायचे कारण साधे होते. आपल्याकडे चिकू आहे. १८९८ साली घोलवडला चिकूची पहिली लागवड झाली असे आम्ही कृषी महाविद्यालयात पुस्तकात वाचले, आणि २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. इतकी वर्षे झाली, मानांकनाचा कागद मिळाला, पण माल विकण्याची रीत तीच राहिली. झाडावरून उतरवला की पाच-सात दिवसांत पिकतो, म्हणून थांबता येत नाही. क्रेट भरा, गाडीत चढवा आणि पट्टी येईपर्यंत देवाचे नाव घ्या. पावसाळ्यात फळ सडते, बी पोखरणारी अळी पडते, आणि वाडीतला माल झाडाखालीच खत होतो. जव्हार-मोखाड्याकडे काजूची बोंडे अशीच जातात. बहाडोलीच्या जांभळाचा हंगाम तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपतो.

अशात बोर्डीला हिल झिल वाइन्स नावाचा चिकूपासून वाइन करणारा कारखाना निघाला. आपल्याच भागात, आपल्याच फळाची वाइन! तेव्हापासून आपल्या बैठकांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, की यात शेतकऱ्याला काय आहे? महाराष्ट्रात या धंद्याला वीस-पंचवीस वर्षे झाली ती नाशिकला. म्हणून आधी नाशिक पाहू म्हटले.

पहाटे निघालो. मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर या रस्त्याने उन्हे वर येईतो नाशिकला पोचलो. दिवसभरात तीन ठिकाणे पाहिली. एक मोठा कारखाना आणि दोन मध्यम. सगळीकडे कार्यक्रम एकच. पैसे भरायचे, एक माहितगार मुलगा किंवा मुलगी बरोबर येते, ती बाग दाखवते, मग पोलादी टाक्या, मग लाकडी पिंपे. शेवटी टेबलापाशी उभे करून पाच पेल्यांत घोट घोट वाइन. आधी रंग पाहा, पेला फिरवा, वास घ्या, मग जिभेवर फिरवा. नको असेल तर थुंकायला भांडे ठेवलेले. आमच्यातल्या नऊ जणांनी चव घेतली, आठ जणांनी नुसते ऐकले.

शास्त्र काही अवघड नाही. फळातली साखर यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल करते. लिटरला सुमारे सतरा ग्रॅम साखर असली तर एक टक्का अल्कोहोल, असा ढोबळ हिशेब. पांढऱ्या वाइनच्या टाक्या थंड ठेवतात, म्हणजे वास उडून जात नाही. तिथली द्राक्षेही आपण खातो ती नव्हेत. शेनिन ब्लाँ, शिराझ अशा जातींची, लहान मण्यांची, बियांची असतात. आमच्यातले चिकूवाले विचारत होते, की आपल्या फळाचे असेच होईल काय? होते. पण चिकूत साखर भरपूर आणि आंबटपणा जवळजवळ नाही, म्हणून आम्ल घालावे लागते, नाहीतर रस नासतो. शिवाय कच्च्या फळात चीक आणि तुरटपणा, पिकलेल्याचा गर घट्ट, तो रस सोडत नाही. सगळ्यावर इलाज आहे, पण तो प्रयोगशाळेतला आहे, घरच्या हंड्यातला नाही.

दुसऱ्या ठिकाणी टेबलापाशी आमच्यातल्या एका म्हाताऱ्या वाडीवाल्यांनी त्या मुलीला विचारले, “पोरी, तू मातीचे सांगितलेस, हवेचे सांगितलेस, लाकूड कुठल्या देशाचे तेही सांगितलेस. ही द्राक्षे कोणाच्या बागेतली आणि त्याला किलोला काय मिळाले ते सांगितले नाहीस.” ती मुलगी गडबडली. मग हळूच म्हणाली, “काका, माझ्या घरचीपण द्राक्षाचीच बाग आहे. पण हे कोणी विचारत नाही, म्हणून आम्हाला शिकवलेलं नाही.”

मंडळी, त्या दिवशी ऐकलेल्यात आम्हाला सगळ्यात मोलाचे वाटले ते हे वाक्य.

आता हिशेब करू. आकडे समजायला घेतले आहेत, भाव दरवर्षी बदलतो. पाऊण लिटरच्या एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्ष लागते. भाव चाळीस रुपये धरा. म्हणजे बाटलीत पन्नास रुपयांचे द्राक्ष. बाटली सातशेला विकली तर रुपयातले सात पैसे बागेचे. आता टेबलाकडे या. तीस-तीस मिलिलिटरचे पाच घोट म्हणजे दीडशे मिलिलिटर, बाटलीचा पाचवा हिस्सा. त्यात पाव किलो द्राक्ष, दहा रुपयांचे. आणि त्या पाच घोटांना पाहुण्याने पाचशे रुपये दिले असे धरा. दहा रुपयांचे पाचशे झाले.

उरलेले चारशे नव्वद कोणी चोरले असे आम्ही म्हणत नाही. टाक्या आहेत, वीज आहे, व्याज आहे, परवाना फी आहे, कर आहे, त्या मुलीचा पगार आहे, आणि धंदा बुडायची जोखीमही आहे. आम्ही एवढेच म्हणतो, की द्राक्ष वजनावर विकले जाते तेव्हा ते दहा रुपयांचे असते, आणि त्याच बागेकडे पाहत, बागेची गोष्ट ऐकत प्यायले जाते तेव्हा पाचशेचे होते. ती गोष्ट शेतकऱ्याची आहे. विकणारा दुसरा आहे.

हे सगळीकडे असेच असते काय? युरोपात क्रोएशिया नावाचा देश आहे. वस्ती चाळीस लाखांच्या आत, म्हणजे आपल्या पालघर जिल्ह्यापेक्षा थोडीच जास्त. आम्ही तिथे गेलेलो नाही, वाचले आहे. तिथेही पाहुण्यांना दिवसभर फिरवून वाइनची चव देतात, पण पुष्कळदा थेट शेतकऱ्याच्या घरी. त्याचीच बाग, त्याचेच तळघर, त्याच्याच ओसरीवर टेबल, बरोबर घरचे चीज आणि ऑलिव्हचे तेल. हे आपोआप घडले नाही. तो देश युगोस्लाव्हियात होता तेव्हा खासगी जमिनीला दहा हेक्टरची मर्यादा होती, आणि शेतकरी आपली द्राक्षे मुख्यतः सहकारी किंवा सरकारी कारखान्यात नेऊन घालत. आपल्याकडे उसाचे चालते तसेच. १९९१ साली देश स्वतंत्र झाला आणि नंतर घराघरांनी आपल्या नावाच्या बाटल्या भरायला सुरुवात केली. तिथे पेल्येशाच नावाचा डोंगराळ भाग आहे. समुद्राकडच्या उभ्या उतारावर बागा आणि गाव डोंगराच्या पलीकडे. द्राक्षे गाढवांवर लादून डोंगर ओलांडावा लागे. १९७० च्या दशकात गावकऱ्यांच्या पुढाकाराने डोंगरातून सुमारे चारशे मीटरचा बोगदा काढला. त्या दिंगाच वाइनला १९६१ सालीच नावाचे संरक्षण मिळाले होते. म्हणजे मानांकनही आले, रस्ताही आला, तरी शेतकऱ्याच्या ओसरीवर टेबल लागले ते त्याला स्वतःची बाटली भरून विकता आली तेव्हा. आपण पहिल्या पायरीवर उभे आहोत. कागद मिळाला आहे.

मग आपल्याकडे शेतकऱ्याच्या हातात हे का नाही? याचे मूळ फार मागे आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने इंग्रज सरकारने गाळण्याचा हक्क मक्तेदारांच्या हाती दिला. १८९२ च्या महुडा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आपल्याच या मुलखात, मोहाची फुले गोळा करण्यावर बंधन घातले. आदिवासीच्या दारातले झाड आणि त्याच्या फुलाला हात लावणे गुन्हा! सरकारला दारू बंद करायची नव्हती, दारूवरचा महसूल गोळा करायचा होता. स्वराज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्याचा हेतू वेगळा होता, पण परवान्याशिवाय गाळणारा गुन्हेगार हे कायम राहिले, आणि परवाना म्हणजे मोठे भांडवल हेही कायम राहिले. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले, करात सवलती दिल्या. कारखाने उभे राहिले हे खरे. शेतकऱ्यांनी भरवशावर वाइनच्या जातींची लागवड केली. २००८-०९ च्या मंदीत मागणी पडली, पैसे अडकले, आणि अनेकांनी त्या बागा कुऱ्हाडीने काढल्या. वाइनचे द्राक्ष बाजारात खायला विकता येत नाही, हे तेव्हा कळले. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय केला. एका बाजूने म्हटले शेतकऱ्याचे भले, दुसऱ्या बाजूने म्हटले संस्कृती बुडाली. निर्णय अमलात आलाच नाही. त्या सगळ्या गदारोळात बाटलीतले सात पैसे किती होतील हे कोणी बोलले नाही.

लहान माणसाला हे जमतच नाही असेही नाही. शेजारी गोव्यात काजूची हुर्राक आणि फेणी लहान भट्टीवाले कायद्याने गाळतात, आणि २००९ मध्ये फेणीला मानांकन मिळाले.

आता परतीच्या गाडीतले भांडण. जव्हारच्या घाटात आमच्यातल्या विक्रमगडकडच्या एक काकी, ज्या दिवसभर गप्प होत्या, म्हणाल्या, “माझा नवरा दारूनं गेला. थोरला पोरगा त्याच वाटंवर आहे. तुम्ही मला आज काय दाखवायला नेलंत?” गाडीत कोणी बोलेना. एकाने सांगून पाहिले, की वाइन म्हणजे दारू नव्हे. काकी म्हणाल्या, “पिऊन डोकं फिरतं ना? मग दारूच.”

बंधूंनो, त्या बरोबर होत्या. वाइनमध्ये अल्कोहोल आहे, कमी आहे पण आहे, आणि शेतकऱ्याला भाव मिळतो म्हणून ते पवित्र होत नाही. या जिल्ह्याला हे नवीन शिकवायला नको. १९२२ च्या सुमारास याच पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांतून देवीची लाट उठली आणि थेट सुरतेच्या आदिवासी मुलखात गेली. दारू-ताडी सोडा, दारूवाल्याच्या दारात जाऊ नका, असे तिचे सांगणे होते. त्या लोकांना कळले होते, की गुत्तेवाला एका हाताने दारू देतो आणि दुसऱ्या हाताने जमीन घेतो.

म्हणून आमची मांडणी अशी आहे, आणि ती काकींशी बोलूनच केली आहे.

पहिले, या जुलै ते सप्टेंबरात प्रत्येक वाडीवाल्याने वहीत लिहायचे, की किती किलो फळ उतरले, किती विकले, किती टाकले, पट्टीत हमाली-तोलाई-अडत किती गेली. हे आकडे हातात नसतील तर कोणाशीही बोलता येत नाही.

दुसरे, आधी चिकूच्या सुकवलेल्या चकत्या आणि भुकटी. त्याला अबकारीचा परवाना लागत नाही आणि काकींच्या घरात भांडण लागत नाही.

तिसरे, वाइनसाठी फळ कोणी मागितलेच तर करार लेखी, भाव आधी ठरलेला, आणि फळ काढायच्या आत निम्मे पैसे. तोंडी शब्दावर एकही झाड लावायचे नाही.

चौथे, सरकारकडे मागणी अशी, की आपल्याच फळाची वाइन आपल्याच वाडीत करू पाहणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाला झेपेल असा लहान परवाना द्या. तपासणी कडक ठेवा, फी लहान ठेवा.

पाचवे, आणि हे सगळ्यांच्या वरचे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री रोखण्याचा किंवा नियंत्रित करण्याचा अधिकार दिला आहे. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग त्यात येतो. बाकी गावांत बायांना उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानाने दुकान बंद करता येते. ज्या गावातल्या बाया नको म्हणतील, त्या गावात संघटना परवान्याच्या अर्जावर सही करणार नाही, मग वाडीवाला कितीही जवळचा असो.

चौथ्या मुद्द्यावर आमच्यात अजून एकमत नाही. सतरांपैकी अकरा जण बाजूने होते, सहा विरोधात. काकी विरोधात होत्या आणि आजही आहेत. त्या समोर बसल्या आहेत. आम्ही आता थांबतो, पुढचे त्यांनी बोलावे, आणि मग हात वर करून मोजू.