वाचलेले आणि कळलेले
(शालेय विद्यार्थी व अभिजात साहित्याचे सूक्ष्म वाचन : सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली की मागील कार्याचा हिशेब मांडला जातो, आणि तो मांडला गेलाच पाहिजे. वह्या किती वाटल्या, पाठ्यपुस्तके किती दिली, शिष्यवृत्त्या कोणाकोणाला मिळाल्या, हे सारे नोंदवहीत सापडते. परंतु दिलेल्या पुस्तकांपैकी किती वाचली गेली आणि वाचलेल्यांपैकी किती कळली, याचा रकाना कोणत्याच संस्थेच्या दप्तरात नसतो. आजचा विषय त्या रिकाम्या रकान्याचा आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याच दिवशी पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांनाही तो मान मिळाला. ज्या प्राकृतात आगमग्रंथ आहेत आणि ज्या मराठीत घरचा व्यवहार चालतो, त्या दोन्ही भाषा एकाच निर्णयाने गौरविल्या गेल्या, ही या समाजाला विशेष आनंदाची गोष्ट होय. मात्र दर्जा देणे शासनाच्या हाती असते, आणि तो सार्थ करणे वाचकाच्या. ज्या भाषेतील जुना ग्रंथ तिच्याच घरातील चौदा वर्षांच्या मुलाला उघडून वाचता येत नाही, त्या भाषेचे वैभव कपाटात कुलूपबंद राहते.

आजची स्थिती कशी आहे? नववी-दहावीच्या एखाद्या हुशार मुलाला पाठाचा बोध विचारावा. तो न अडखळता पाच वाक्ये सांगतो. त्याच मुलाला त्याच पाठातील एक वाक्य दाखवून, येथे लेखकाने हाच शब्द का योजला असावा, असे विचारावे. मुलगा गप्प होतो. पाच वाक्ये त्याने मार्गदर्शकातून पाठ केलेली असतात, आणि पाठ मात्र वाचायचा राहिलेला असतो. २०१८-१९ पासून दहावीच्या भाषाविषयांना प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. मुलाने उतारा स्वतः समजून घ्यावा हाच त्यामागील हेतू होता. पण बाजाराने कृतींचीही तयार उत्तरे छापली. आता तर भ्रमणध्वनीवर प्रश्न टाकावा आणि यंत्राने क्षणात सुबक उत्तर लिहून द्यावे, असा काळ आला आहे. अशा काळात मुलाच्या स्वतःच्या मालकीचे काय उरते, हा प्रश्न पालकांनी गंभीरपणे घेतला पाहिजे. गुण त्याला मिळतील. परंतु पुढे करारपत्र, न्यायालयाचा निकाल, औषधावरील सूचना किंवा वर्तमानपत्रातील बातमी नीट वाचण्याची वेळ येईल तेव्हा तो दुसऱ्याच्या वाचनावरच विसंबून राहील.

ही अडचण केवळ येथील किंवा केवळ आजची आहे असे नाही. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात आय. ए. रिचर्ड्स या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाचावयास दिल्या आणि त्यांचे अभिप्राय लेखी मागविले. त्यांतील तेरा कवितांवरील अभिप्रायांचा अभ्यास त्यांनी १९२९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. नामांकित विद्यापीठातील सुशिक्षित तरुणही कवितेचा साधा सरळ अर्थ लावताना चुकत होते. कित्येकांनी पुढ्यातील ओळी न वाचता मनात आधीच तयार असलेली मते लिहून दिली होती. कवीच्या नावाचा आधार काढून घेताच वाचनाचा कच्चेपणा उघडा पडला. सूक्ष्म वाचनाच्या आधुनिक शिक्षणपद्धतीला या प्रयोगाने मोठी चालना दिली.

सूक्ष्म वाचन म्हणजे काय, हे सांगण्यास कापडाच्या पेढीवरील दृष्टांत पुरेसा आहे. जाणता व्यापारी केवळ तागा पाहून भाव ठरवीत नाही. तो कापड उलगडतो, उजेडाकडे धरून वीण पाहतो, अंगठा आणि तर्जनी यांत चोळून पोत पाहतो, काठ तपासतो. शंका आली तर एक धागा काढून जाळतो. कागद जळल्यासारखा वास आला तर सूत, केस जळल्यासारखा आला तर रेशीम किंवा लोकर, आणि वितळून कडक गोळी झाली तर कृत्रिम धागा. वेष्टनावर काय छापले आहे हे तो वाचतो, पण विश्वास बोटांवर ठेवतो. पाठ्यपुस्तकातील उताऱ्याचेही तसेच आहे. शीर्षक, लेखक-परिचय आणि खालील बोध हे वेष्टन होय. वीण पाहावयाची तर वाक्यच हाती घ्यावे लागते.

या समाजाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. ग्रंथ व त्याचा अर्थ ग्रहण करणे, शंका विचारणे, मनात पुनःपुन्हा चिंतन करणे, शुद्ध उच्चाराने आवृत्ती करणे आणि मग इतरांस समजावून देणे. हा क्रम लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. उपदेश सर्वांत शेवटी येतो. आजच्या वर्गात तो सर्वांत आधी येतो. शिक्षक फळ्यावर प्रथम मध्यवर्ती कल्पना लिहितात, मुले ती उतरवून घेतात, आणि वाचनाला व विचारण्याला तास उरत नाही. क्रम उलटला की स्वाध्यायाचे पाठांतर होते.

ही पद्धत प्रत्यक्ष वर्गात कशी चालावी, हे एका उदाहरणाने पाहणे उचित ठरेल. केसोबासांनी तेराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास सिद्ध केलेला दृष्टांतपाठ हा मराठी गद्यातील आद्य ग्रंथांपैकी एक. त्याची रचना त्रिपदरी आहे. आधी श्रीचक्रधरस्वामींचे सूत्र, मग त्यांनी सांगितलेला दृष्टांत, आणि शेवटी केसोबासांनी उलगडलेला दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताचा मूळ विषयाशी लावलेला संबंध. हत्ती आणि आंधळे यांची कथा या ग्रंथात आहे. तिची वाक्ये आखूड आहेत, आणि दहा-बारा जुन्या शब्दांचे अर्थ दिले की नववीचा विद्यार्थी ती स्वतः वाचू शकतो.

शिक्षकाने प्रथम दार्ष्टांतिकाचा भाग झाकून ठेवावा आणि केवळ दृष्टांत दोनदा मोठ्याने वाचून घ्यावा. लगेच हात वर होतील, कारण गोष्ट सर्वांना ठाऊक असते. हीच खरी अडचण आहे. ‘माहीत आहे’ या भावनेइतका वाचनाला दुसरा शत्रू नाही. जैन घरातील मूल तर चटकन म्हणेल, ‘हा अनेकांत!’ उत्तर चुकीचे नाही, परंतु ते पुढ्यातील ओळींतून आलेले नाही. म्हणून शिक्षकाने शाबासकी देऊन ते बाजूला ठेवावे आणि साधे प्रश्न विचारावेत. आंधळ्यांनी हत्तीला कोणकोणत्या वस्तूंची उपमा दिली? खांब, मुसळ, सूप, खराटा. या वस्तू कोठे असतात? घरात. त्याच का आठवल्या? येथे वर्ग काही क्षण शांत होतो, आणि ती शांतता शिक्षकाने घाईने मोडू नये. कोणीतरी मूल हळूच सांगेल की आंधळ्याचे जग हाताने ओळखलेले असते. ज्या वस्तू त्याचा हात रोज धरतो, त्यांच्यावरूनच तो नवी वस्तू ओळखणार. हे उत्तर बहुधा कोणत्याही मार्गदर्शकात सापडणार नाही. ते त्या मुलाने कमावलेले असते.

मग पुढचा प्रश्न. यांपैकी खोटे कोण बोलले? मुले आधी म्हणतील, सगळेच. पुन्हा वाचल्यावर म्हणतील, कोणीच नाही. कान खरोखरच सुपासारखा लागतो आणि पाय खांबासारखा. मग चूक कोठे झाली? हाताने जाणले ते बरोबर होते, मात्र जिभेने हाताच्या पलीकडचे सांगितले. ‘कान सुपासारखाच आहे’ हे विधान टिकते. ‘हत्ती सुपासारखाच आहे’ हे टिकत नाही. ‘च’ दोन्ही वाक्यांत आहे, बदलला तो केवळ कर्ता. अमुक अपेक्षेने ठामपणे बोलावे, पण अपेक्षा सोडून ठामपणे बोलू नये, हे ‘स्यात्’ आणि ‘एव’ या दोन पदांचे मर्म व्याकरणाच्या वाटेने मुलांच्या हाती येते. आता अनेकांताचे नाव घेतले तर ते भरीव होते. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपाय या ग्रंथाच्या आरंभीच अनेकांताला वंदन करताना जन्मांध व हत्ती यांचा उल्लेख केला आहे. तो संदर्भ या टप्प्यावर सांगावा, आधी नव्हे.

यानंतर मुलांनी स्वतःचा दार्ष्टांतिक चार ओळींत लिहावा, आणि तो लिहून झाल्यावरच केसोबासांचा उघडावा. स्वतःचे लिहून मग थोरांचे वाचले की दोहोंतील अंतर कळते, आणि थोरवी कशात आहे हेही कळते. वेळ उरल्यास हीच कथा अन्यत्र कशी येते ते पाहावे. पाली भाषेतील उदानात श्रावस्तीचा राजा जन्मांधांना एकत्र करवून हत्ती दाखवितो. तेथे नांगराचा फाळ, धान्याची कोठी, उखळ अशा शेतकरी घरच्या वस्तू येतात, आणि शेवटी ते आंधळे हातघाईवर येतात. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन कवी जॉन गॉडफ्री सॅक्स यांच्या कवितेत सहा जण आहेत, आणि त्यांना भिंत, भाला, साप, झाड, पंखा, दोर आठवतात. सूप आणि मुसळ तेथे नाहीत. गोष्ट तीच, पण प्रत्येक सांगणाऱ्याने आपल्या घरातील वस्तू तिच्यात ठेवल्या. जे मूल हा फरक टिपते, ते वाचावयास शिकले असे समजावे.

जुन्या गद्यापुरतीच ही रीत आहे असे नाही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रात क्रमशः आली. वर्गात संपूर्ण कादंबरी घेणे शक्य नसते, परंतु शीर्षकावर एक तासिका निश्चित देता येते. वाक्य ‘पण’ने का सुरू झाले? ‘पण’च्या आधी काहीतरी बोलले गेलेले असते. ते काय असेल, कोण बोलले असेल? शेवटचे चिन्ह खरोखर प्रश्नाचे आहे की हताशेचे? यमू ही बालविवाह आणि वैधव्य भोगलेली मुलगी स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगते, हे कळल्यावर त्या ‘पण’च्या आधीचे सारे न बोललेले मुलांना ऐकू येऊ लागते. मग कित्येक जण ग्रंथालयात ती कादंबरी मागतील.

या पद्धतीवर आक्षेप येतात आणि ते प्रामाणिकपणे विचारात घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप वेळेचा. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत दहा ओळी वाचल्या तर अभ्यासक्रम पुरा कसा व्हावा? उत्तर असे की सर्वच पाठ असे वाचावयाचे नाहीत. वर्षातून पाच-सहा उतारे अशा रीतीने वाचले तरी सवय लागते, आणि ती सवय उरलेल्या पाठांना उपयोगी पडते. दुसरा आक्षेप असा की शब्द कुरतडत बसल्याने आनंद नाहीसा होतो. हा धोका खरा आहे. म्हणून आरंभ नेहमी रसाळ प्रकट वाचनाने व्हावा, आणि शेवटही पुन्हा एकदा सलग वाचनानेच व्हावा. उलगडलेला तागा घडी घालून ठेवावाच लागतो. तिसरा आक्षेप शिक्षकांचा असतो. मुलाने न सुचलेला प्रश्न विचारला तर? तर ‘पाहून सांगतो’ असे म्हणावे. वर्गासमोर पुन्हा पुस्तक उघडणाऱ्या शिक्षकाचा मान कमी होत नाही. वाचन कसे करावे याचा धडा मुलांना त्या क्षणी प्रत्यक्ष मिळतो.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने एक छोटे कार्य हाती घ्यावे, अशी विनम्र सूचना येथे मांडावीशी वाटते. इमारत नको, मोठा निधी नको. आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी दर रविवारी सकाळी एक तास, सर्व समाजांतील मुलांना खुला. प्रत्येकापुढे एकच छापील पान. प्रथम वाचना, मग पृच्छना, मग काही मिनिटे मौन चिंतन, मग पुन्हा शुद्ध वाचन, आणि शेवटी एखाद्या मुलानेच उभे राहून इतरांना सांगणे. भ्रमणध्वनी बाहेर ठेवावेत. बक्षीस उत्तराला नव्हे, चांगल्या प्रश्नाला द्यावे. घरातील वडीलधाऱ्यांनीही मागे बसावे, कारण आजोबा वाचताना दिसले की नातू वाचतो. सांगून तो वाचीत नाही.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हा ट्रस्ट स्थापिला त्यांनी मुलांच्या हाती पुस्तक दिले. ते पुस्तक वाचता येणे ही पुढील पन्नास वर्षांची जबाबदारी आहे. ती पार पडली, तर शताब्दीच्या वेळी हिशेब मांडणाऱ्यांना तो रिकामा रकाना भरलेला आढळेल.

जय जिनेंद्र.