सेवेच्या वाटेवरचे मुके जीव

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



आज मला 'समाजसेवा' या विषयावर चार शब्द बोलण्यास सांगण्यात आले आहे. या विषयावर आपण दरवर्षी पुष्कळ ऐकतो. गरिबांना मदत करावी, अनाथांना शिकवावे, रोग्यांची शुश्रूषा करावी, हे सर्वांना मान्यच आहे. म्हणून त्याची उजळणी न करता, ज्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही अशा एका भागाविषयी मी बोलणार आहे. आपण माणसाच्या मदतीला धावून जातो तेव्हा त्याच्या दारात पुष्कळदा एखादे मुके जनावर बांधलेले असते. त्याचे काय करायचे, हा माझा विषय आहे. तो मला पुस्तकाने शिकवला नाही, माझ्याच हातून झालेल्या चुकीने शिकवला. म्हणून ती चूक आधी सांगतो.

२०१९ सालचा ऑगस्ट महिना आपण कोणीच विसरलेलो नाही. सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. मी त्या वेळी नुकताच नोकरीला लागलेला तरुण शिक्षक होतो. काही मित्रांबरोबर पूरग्रस्त गावांतून माणसे बाहेर काढण्याच्या कामात मी सामील झालो. नदीकाठच्या एका गावात एक म्हातारी आजी घर सोडायला तयार होईना. शेजारपाजारची माणसे केव्हाच निघून गेली होती. पाणी उंबऱ्याला लागले होते. आजींची एक शेळी पडवीत खुंटीला बांधलेली होती.

मी म्हटले, "आजी, चला लवकर." त्या म्हणाल्या, "लेकरा, गाभण हाय रं ती. तिला टाकून कुठं येऊ?" बोटीत आधीच माणसे दाटीने बसली होती. मी त्यांना हाताला धरून बोटीत बसवले. त्या म्हणाल्या, "मग दावं तरी सोड तिचं." मी म्हटले, "सोडली तर वाहून जाईल. बांधलेलीच राहू द्या, संध्याकाळी आम्ही परत येतो."

आम्ही परत गेलो नाही. संध्याकाळी बोट दुसऱ्या गावाला पाठवण्यात आली आणि रात्री पाणी आणखी चढले. पूर ओसरल्यावर मी आजींबरोबर त्यांच्या घरी गेलो. पडवीत काय असणार हे दोघांनाही ठाऊक होते. आजी मला रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "सोडली असती तर मागच्या माळावर चढली असती." त्या घराच्या मागे खरोखरच चढ होता. तो मला दिसला होता, पण मी शेळीच्या दृष्टीने पाहिला नव्हता.

बोटीत शेळी घ्यायला हवी होती असे मी म्हणत नाही. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली बोट उलटून अनेकांचे प्राण गेले, हे आपण जाणता. बोटीत माणसेच आधी बसली पाहिजेत. पण एक गाठ सोडायला मला अर्धे मिनिटही लागले नसते. सेवेच्या उत्साहात मी त्या जिवाला हिशेबातच धरले नाही, ही माझी चूक.

शहरातल्या माणसाला वाटते, एका शेळीसाठी म्हातारी जीव धोक्यात का घालते? पण ज्याच्याकडे जमीन नाही, बँकेत पैसा नाही, त्याची शेळी हीच त्याची बँक असते. आजारपण आले, मुलीचे लग्न निघाले, शाळेची फी भरायची झाली की तीच उपयोगी पडते. शिवाय एकट्या म्हातारीला घरात बोलायला दुसरे असते तरी कोण? आणि हे आपल्याकडेच घडते असेही नाही. २००५ साली अमेरिकेत कॅटरिना नावाचे भयंकर वादळ झाले. तिथल्या श्रीमंत देशातही कित्येक माणसे आपली कुत्री-मांजरे सोडून घराबाहेर पडायला तयार झाली नाहीत. अखेर २००६ साली त्या देशाला कायदाच करावा लागला की, संकटकाळी माणसे हलवण्याच्या योजनेत त्यांच्या पाळीव प्राण्यांचाही विचार केला पाहिजे. तात्पर्य, जनावराची सोय केली नाही तर पुष्कळदा माणूसही वाचवता येत नाही.

घरापासून दूर, परक्या मुलखात सेवेला गेलेल्यांना हे फार लवकर कळते. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण हेमलकशाचे आहे. बाबा आमटे यांनी १९७३ सालच्या डिसेंबरात भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. हा भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता, १९८२ पासून तो गडचिरोली जिल्ह्यात आहे. बाबांचे पुत्र डॉ. प्रकाश आमटे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी हे दोघे डॉक्टर शहरातील जीवन सोडून तिथे राहायला गेले. रस्ता नाही, वीज नाही, पावसाळ्यात जगाशी संबंध तुटलेला. माडिया गोंड लोकांची भाषा वेगळी, रीत वेगळी. नकाशावर ते महाराष्ट्रात होते, पण नागपुरात शिकलेल्या डॉक्टरांना तो परदेशच होता.

ते गेले होते माणसांना औषध द्यायला. पण एके दिवशी जंगलात त्यांना काही माडिया शिकारी भेटले. मारलेली माकडे त्यांनी खांद्यावरच्या काठीला लटकवली होती आणि मेलेल्या आईला बिलगून एक जिवंत पिल्लू बसले होते. त्या पिल्लाचेही पुढे काय होणार हे उघड होते. अशा वेळी आपण काय केले असते? कदाचित त्या शिकाऱ्यांना उपदेश केला असता, नाहीतर त्यांना क्रूर ठरवून मोकळे झालो असतो. डॉ. प्रकाश यांनी तसे केले नाही. ही माणसे भुकेली आहेत आणि पोटासाठी शिकार करतात, हे त्यांनी ओळखले. त्यांनी तांदूळ देऊन ते पिल्लू मागून घेतले. पुढे त्यांनी लोकांना सांगून ठेवले की, अनाथ पिल्ले सापडली तर मारू नका, आमच्याकडे आणा, आम्ही बदल्यात धान्य देऊ. लोक आणू लागले. माकडे, हरणे, अस्वले, बिबटे असे करता करता दवाखान्याच्या शेजारी प्राण्यांचे अनाथालयच उभे राहिले. तिथल्या एका बिबट्याच्या नावावरून, तेथील कार्यकर्ते विलास मनोहर यांनी 'नेगल' हे पुस्तक लिहिले. ते आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे.

विद्यार्थी मित्रांनो, यातली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. डॉक्टरांनी पिल्लू घेतले, पण आधी तांदूळ दिला. पुढे त्याच लोकांच्या मुलांसाठी तिथे शाळा निघाली, शेतीचे मार्गदर्शन सुरू झाले. भुकेल्या माणसाला दया शिकवण्यापूर्वी त्याच्या भुकेची व्यवस्था केली पाहिजे, हे त्यांनी कृतीने दाखवले. २००८ साली या पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरे उदाहरण खऱ्याखुऱ्या परदेशातील आहे, आणि ते मला विशेष जवळचे वाटते. माझे आजोबा मिरज स्टेशनवर टांगा चालवीत. घोड्याला चंदी घातल्याशिवाय ते स्वतः जेवायला बसत नसत, असे आमच्या घरात सांगतात. १९३० साली डोरोथी ब्रुक नावाची एक इंग्रज बाई आपल्या लष्करी अधिकारी पतीबरोबर इजिप्तमध्ये कैरो शहरात आली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने वापरलेले हजारो घोडे युद्ध संपल्यावर तिथेच विकून टाकण्यात आले होते. ते म्हातारे, हाडांचे सापळे झालेले घोडे अजून कैरोच्या रस्त्यांवर ओझी ओढीत होते. बाईने १९३१ साली विलायतेतल्या वर्तमानपत्रात पत्र लिहून लोकांकडे मदत मागितली. तीन-चार वर्षांत सुमारे ५,००० घोडे तिने विकत घेतले. बहुतेकांना उरलेले थोडे दिवस सुखाने काढता यावेत किंवा यातनेतून सुटका मिळावी, एवढेच तिला करता आले. पण काम करताना तिला दिसले की या घोड्यांचे मालकही तितकेच कंगाल आहेत. म्हणून १९३४ साली तिने कैरोत जनावरांचे इस्पितळ काढले. तिथे गरीब गाडीवानांच्या घोड्यागाढवांवर मोफत उपचार होऊ लागले. मोरोक्कोतील फेज शहरातही १९२७ सालापासून असेच एक मोफत इस्पितळ परदेशी देणगीतून चालत आले आहे.

आता आपल्या घराकडे वळू. साताऱ्याचे माण-खटाव आणि सांगलीचे जत-आटपाडी हे दुष्काळाचे तालुके. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनने चारा छावणी उघडली. हजारो जनावरे आणि त्यांच्याबरोबर त्यांचे धनी तिथे महिनोन्‌महिने राहिले. बाया-माणसे पाल ठोकून जनावरांच्या शेजारीच राहत, तिथेच चूल मांडत. उसाचे वाढे, पेंड आणि टँकरचे पाणी यांवर ती जनावरे तगली. छावणी नसती तर ती जनावरे मिळेल त्या भावाने विकावी लागली असती, आणि पाऊस आल्यावर औत ओढायला बैल उरला नसता, मुलांना दूधही उरले नसते. छावणीत जनावर वाचले म्हणून घर वाचले. हेमलकसा, कैरो आणि म्हसवड, तिन्ही ठिकाणी जनावर आणि त्याचा धनी यांना एकत्र सावरावे लागले. धन्याला दोष देत बसून कोणाचेच भले झाले नाही.

कोणी विचारील, "मास्तर, आपण तर मांस खाणारी माणसे. आपल्या तोंडी ही प्राणिदया शोभते काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला आपण तोंड दिले पाहिजे. आपल्या धर्माने मांसाहाराला परवानगी दिली आहे, छळाला नाही. जनावरासमोर सुरीला धार लावू नये, त्याला विनाकारण यातना देऊ नयेत, अशी हजरत पैगंबर (स.) यांची शिकवण आहे. तहानेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून पायातल्या मोज्यातून पाणी आणून पाजणाऱ्या माणसाचे गुनाह माफ झाले, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. दुसरी एक हदीसही आपण ऐकली आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवली. तिला खायला दिले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही. त्याबद्दल ती स्त्री शिक्षेस पात्र ठरली. २०१९ पूर्वी मी ही हदीस कित्येकदा वर्गात सांगितली होती. त्या पडवीतून परत आल्यावर मात्र कित्येक दिवस ती माझ्याच्याने सांगवेना.

म्हणून बकरी ईदच्या आधी दारात आणलेला बकरा भर उन्हात, आखूड दाव्याने बांधून ठेवला जातो, मुले त्याचे कान ओढतात आणि वडीलधारी हसत पाहतात, तेव्हा पालकांनी मुलांना थांबवले पाहिजे. त्याला सावली आणि पाणी देणे हाही आपल्या इबादतीचाच भाग आहे.

आता शेवटी तीन गोष्टी सुचवतो. पहिली गोष्ट नदीकाठच्या गावांतील पालकांसाठी. पुराचा इशारा मिळाला की पाणी चढण्याची वाट न पाहता, दिवसाउजेडी जनावरे उंचावर न्यावीत. ते जमले नाही तर घर सोडताना निदान दावे सोडावे. मोकळे जनावर पुष्कळदा आपली वाट आपण शोधते, बांधलेल्याला ती संधी नसते. दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. मदतकार्याला जाल तेव्हा माणसांची यादी करताना त्याच कागदावर जनावरांचीही नोंद करा. धान्याच्या गाडीबरोबर चाऱ्याच्या दोन पेंढ्याही मागा.

तिसरी गोष्ट संस्थेसाठी आणि पालकांसाठी. विज्ञान शाखेला गेलेल्या प्रत्येक मुलाने एम.बी.बी.एस.च व्हावे असा आपला हट्ट असतो, आणि तो प्रवेश हुकला की घरात सुतक पडते. आपल्या सातारा जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. त्याच 'नीट' परीक्षेच्या गुणांवर तिथे प्रवेश मिळतो. शेळ्या, कोंबड्या, म्हशी यांवर ज्यांचे घर चालते अशी कुटुंबे आपल्या समाजात थोडी नाहीत, पण पशुवैद्य झालेली आपली मुले-मुली किती, हे आपणच मोजून पाहावे. या सभागृहातील एखादी मुलगी उद्या जनावरांची डॉक्टर होऊन आटपाडीच्या छावणीत उभी राहिली, तर आजच्या या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.

त्या आजी पुढे दोन वर्षांनी वारल्या. पुरानंतर आम्ही मित्रांनी वर्गणी काढून त्यांना दुसरी शेळी घेऊन दिली होती. त्यांनी ती घेतली, पण तिला कधी खुंटीला बांधली नाही. पडवीचे दार लावून ती आत मोकळी ठेवीत आणि पावसाळ्यात दारही उघडे ठेवीत. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा मी धावत त्यांच्याकडे गेलो, तर आजी आणि शेळी दोघीही आदल्या दिवशीच माळावरच्या शाळेत जाऊन बसल्या होत्या.

अल्लाहतआला आपणा सर्वांना मुक्या जिवांचा हक्क ओळखण्याची बुद्धी देवो. आमीन.