नाव, जीव आणि पैसा

जुन्या हैदराबादेत 'मेहबूब की मेहंदी' या नावाची एक वस्ती होती. नाव मोठे नाजूक. तेथील जिणे मात्र तसे नव्हते. १९९६ साली ही वस्ती उठविण्यात आली आणि तेथील बायका शहराच्या कानाकोपऱ्यांत पांगल्या. त्याच वर्षी सुनीता कृष्णन आणि ब्रदर जोस वेट्टिकाटिल यांनी या विस्थापित स्त्रियांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि 'प्रज्वला' ही संस्था उभी राहिली. ही हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु अशी वस्ती उठते तेव्हा आणखीही एक गोष्ट नाहीशी होते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तीत नव्याने आलेल्या बाईला चार गोष्टी सांगणारे कोणी तरी असते. कोणत्या गिऱ्हाइकास दार उघडू नये, कोणत्या शिपायाशी बोलू नये, पैसा कोठे ठेवावा, हे ज्ञान तेथे तोंडोतोंडी चालत येते. सांगणारी बाई पुष्कळदा स्वतःच तिला लुबाडीत असते, हेही खरे. तरी शेजारच्या खोलीतून हाक ऐकू जाते.

आज हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर मोबाइलच्या पडद्यावर गेला आहे. त्याला 'एस्कॉर्ट' असे सोज्ज्वळ नाव मिळाले आहे. 'एस्कॉर्ट' म्हणजे सोबत करणारी व्यक्ती. पण या सोबत करणारीला स्वतःला सोबत कोणाचीच नसते. नांदेड-लातूरकडून नोकरीसाठी हैदराबादेत आलेली, घरभाडे आणि धाकट्या भावंडांची फी यांच्या कात्रीत सापडलेली एखादी स्त्री जेव्हा या वाटेला लागते, तेव्हा ती आपल्या खोलीतील मैत्रिणीलाही ते सांगत नाही. तिने ही वाट धरावी की धरू नये, याविषयी समाजाचे मत ठरलेले आहे आणि ते तिला पाठ आहे. ते पुन्हा ऐकविल्याने तिचा जीव वाचत नाही. जी अठरा वर्षांची नाही, तिच्याबाबतीत तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे घडतो तो गुन्हा, आणि १०९८ हा क्रमांक त्यासाठीच आहे. ज्या स्त्रीला कोणी बळजबरीने डांबले आहे, तिच्यासाठी ११२ आणि १८१ आहेत. येथे विचार करावयाचा आहे तो वयात आलेल्या, स्वतःच्या निर्णयाने उतरलेल्या, परंतु नवख्या व्यक्तीचा.

नवख्या माणसाची पहिली फसवणूक काम सुरू होण्यापूर्वीच होते. मोठ्या मिळकतीची जाहिरात येते. दूरध्वनीवरचा गोड आवाज नोंदणी फी मागतो, मग अनामत, मग वैद्यकीय दाखल्याचे पैसे, मग 'पोलीस परवान्या'चे. असा परवाना भारतात अस्तित्वातच नाही. हजारो रुपये भरून झाले की तो आवाज नाहीसा होतो. या सापळ्यात पुरुषही पुष्कळ सापडतात. जो काम देतो तो आधी पैसे मागत नाही, एवढे साधे गणित येथे विसरले जाते. कारण फसलेला माणूस तक्रार करणार नाही, ही चोराची खात्री असते. त्याचे सारे भांडवल दुसऱ्याची लाज हेच असते. वस्तुतः अशा फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते आणि 'माझे पैसे बुडविले' एवढेच तेथे सांगावयाचे असते. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडविली जाण्याची शक्यता अधिक.

आता कायद्याकडे वळू. १९५६ साली झालेला आणि १९८६ साली नाव बदललेला 'अनैतिक व्यापार प्रतिबंधक अधिनियम' वाचला, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. प्रौढ स्त्रीने एकटीने, खाजगी जागी हा व्यवसाय करणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून त्यात कोठेही सांगितलेला नाही. गुन्हा आहे तो रस्त्यावर गिऱ्हाईक बोलाविण्याचा, देवालय, शाळा, रुग्णालय अशा जागांपासून दोनशे मीटरच्या आत व्यवसाय करण्याचा आणि कुंटणखाना चालविण्याचा. पण कुंटणखाना कशास म्हणावे? दोघींनी परस्परांच्या लाभासाठी एक खोली वापरली, तरी ती खोली या व्याख्येत बसते. म्हणजे एकीने आत असावे आणि दुसरीने बाहेर लक्ष ठेवावे, ही जी सर्वांत जुनी आणि सर्वांत शहाणी खबरदारी, तीच कायद्याने धोक्याची ठरविली. चौथे कलम त्याहून कठोर आहे. अशा स्त्रीच्या कमाईवर जगणारी अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती दोषी ठरू शकते. तिच्याबरोबर राहणाऱ्या वा नित्य वावरणाऱ्या माणसाविरुद्ध तसे गृहीतही धरता येते. त्यात म्हातारी आई येते, कॉलेजात शिकणारा मुलगाही येतो. जो कायदा स्त्रीला दलालापासून वाचविण्यासाठी झाला, त्याने तिला एकटे पाडले, असे म्हणणे भाग आहे.

तथापि याच कायद्यात तिच्या बाजूची कलमेही आहेत आणि ती तिला कोणी सांगत नाही. झडतीच्या वेळी दोन महिला पोलीस उपस्थित असाव्या लागतात. त्या स्त्रीची चौकशी महिला अधिकाऱ्यानेच करावयाची असते आणि तशी अधिकारी नसल्यास मान्यताप्राप्त संस्थेतील स्त्री कार्यकर्तीच्या समक्ष. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद केला तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. वकील विनामूल्य मिळणे हा तर, मिळकत कितीही असो, प्रत्येक स्त्रीचा १९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये हक्क आहे. त्याचा क्रमांक १५१००. हे चार अंक-शब्द पाठ असलेली स्त्री चौकीत वेगळ्या आवाजात बोलते.

नावाचे काय? ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथे १९६५ साली एक पोलीस निरीक्षक गणवेशात, रात्रीच्या वेळी एका स्त्रीच्या झोपडीत शिरला. खात्याच्या चौकशीत तो दोषी ठरला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले तेव्हा त्या स्त्रीच्या चारित्र्याकडे बोट दाखवून तिची साक्ष अविश्वसनीय मानली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली हा तर्क फेटाळला. स्त्रीचे आयुष्य कसेही असो, तिच्या खाजगीपणावर वाटेल तेव्हा घाला घालण्याचा अधिकार कोणालाही नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. निकाल लागण्यास पंचवीस वर्षे लागली, हेही सांगावयास हवे.

पुढे १९ मे २०२२ रोजी त्याच न्यायालयाने या व्यवसायातील व्यक्तींविषयी काही निर्देश दिले. पोलिसांनी त्यांच्याशी सभ्यतेने वागावे, वृत्तपत्रांनी त्यांची छायाचित्रे व ओळख प्रसिद्ध करू नये, निरोध जवळ सापडणे हा पुरावा मानू नये, अत्याचार झाला असता तत्काळ वैद्यकीय मदत मिळावी, ही त्यांतील मुख्य. राहण्याचा पुरावा नसलेल्यांना राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकाच्या प्रमाणपत्रावर आधारपत्र द्यावे आणि त्यावर व्यवसाय ओळखू येईल अशी कोणतीही खूण नसावी, असेही त्यात आहे.

परंतु न्यायालय दूर असते आणि मोबाइल हातात असतो. नाव बहुधा तेथूनच फुटते. कामाचा क्रमांक आणि घरचा क्रमांक एक असला, की कामाच्या क्रमांकावरचे गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी घरच्यांच्या यादीशेजारी 'ओळखीचे लोक' म्हणून दिसू लागते. यूपीआयने पैसे घेतले की देणाऱ्याच्या पडद्यावर बँकेतील पूर्ण नाव उमटते. ही गोष्ट पुष्कळींना पहिल्या व्यवहारानंतरच कळते. छायाचित्राच्या फाइलमध्ये ते कोठे टिपले त्या जागेची नोंद लपलेली असू शकते. खिडकीबाहेरची पाटी, भिंतीवरचे कॅलेंडर, गळ्यातील ओळखीचे पदक, यांवरूनही घर सापडते. म्हणून चेहरा आणि घर ही दोन्ही छायाचित्राबाहेर ठेवावीत. ज्या फोनवर काम त्या फोनवर घर नको. हॉटेलात ओळखपत्राची प्रत द्यावीच लागते. तेथे शेवटचे चारच अंक दिसणारे झाकलेले आधारपत्र वापरावे, ते आधारच्या संकेतस्थळावर मिळते.

आणि तरीही कोणी छायाचित्र दाखवून धमकावू लागला तर? पहिली रक्कम देणे ही पहिली चूक. दिलेल्या पैशाने तोंड बंद होत नाही, भूक वाढते. संदेश पुसून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण तोच पुरावा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर स्त्रियांविरुद्धच्या अशा गुन्ह्याची माहिती स्वतःचे नाव न देताही नोंदविता येते. हैदराबादेत २०१४ पासून 'शी टीम्स' हे पोलिसांचे पथक छळाच्या तक्रारी घेते.

जिवाच्या रक्षणाचे नियम थोडे आहेत आणि ते सारे एकाच गोष्टीभोवती फिरतात: ती कोठे आहे हे जगात निदान एका माणसाला ठाऊक असावे. जागा, माणसाचा क्रमांक, परतण्याची वेळ; ठरल्या वेळी निरोप आला नाही तर काय करावयाचे, तेही आधी ठरलेले. पहिली भेट चारचौघांच्या वर्दळीत. एकाशी ठरले असता दाराआड दोघे-तिघे दिसले, तर उंबरा न ओलांडता परत फिरावे; बुडालेली मिळकत पुन्हा मिळते. समोरचे पेय आपल्या देखत उघडलेले असावे. एकदा होकार दिला म्हणून पुढचा नकार बाद होत नाही, आणि पैसे घेतले म्हणून बलात्कार हा बलात्कार राहत नाही असेही नाही. निरोधाबाबत तडजोड नको. धोका घडलाच तर एचआयव्ही टाळणारे औषध जितके लवकर तितके बरे, पण ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. ते कोठे मिळेल हे १०९७ या विनामूल्य क्रमांकावर कळते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. सरकारी दवाखान्यात नाव फुटेल या भीतीने न जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पैशाचा विषय मात्र सर्वांत अधिक दुर्लक्षित राहतो. येथे हैदराबादच्या इतिहासातील एक स्त्री आठवल्यावाचून राहत नाही. माहलका बाई चंदा हिचा काळ १७६८ ते १८२४. ती दरबारची गायिका, नर्तकी, कवयित्री. दुसऱ्या निजामाबरोबर ती मोहिमांवरही गेली. तवायफ म्हणजे आजची एस्कॉर्ट नव्हे, आणि दरबारचा आश्रय सर्वांच्या नशिबी नसतो. म्हणून तुलना फार ताणू नये. पण तिने एक गोष्ट अचूक केली. मिळकत तिने स्वतःच्या नावावर ठेवली. अडिकमेटची जहागीर तिची होती. मौला अलीच्या टेकडीच्या पायथ्याशी तिने आईसाठी कबरीची वास्तू व बाग उभारली आणि पुढे तीही तेथेच विसावली. मृत्यूपूर्वी आपली मालमत्ता निराधार स्त्रियांना मिळावी, अशी व्यवस्था तिने केली. तिच्या भोवतीच्या कित्येकींनी तिच्याइतकेच कमावले असेल. त्यांचे नाव-निशाण नाही.

दोनशे वर्षांनंतरची नवखी स्त्री पैसा रोख घेते आणि उशीत ठेवते, किंवा 'विश्वासातल्या' माणसाच्या खात्यात टाकते. दुसरा मार्ग पहिल्याहून वाईट. आगाऊ उचल घेणे त्याहूनही वाईट, कारण उचल घेतलेल्या बाईचा नकार संपतो; कर्ज ही या व्यवसायातील सर्वांत जुनी बेडी आहे. कलकत्त्याच्या सोनागाछीतील स्त्रियांनी १९९५ साली 'उषा' ही स्वतःची सहकारी संस्था काढली, ती नेमकी या बेडीवर घाव घालण्यासाठी. सावकाराऐवजी स्वतःचीच पतपेढी. आपल्या सांगलीत १९९६ पासून 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' या व्यवसायातील स्त्रियांची संघटना चालवीत आहे. एकटीने जे होत नाही ते दहाजणींनी होते, आणि हैदराबादच्या फोनवरील एकटीला नेमके हेच दुर्मिळ आहे.

निदान एवढे तरी तिला करता येईल. बचत खाते स्वतःच्या नावाचे, पासबुक आणि एटीएम कार्ड स्वतःच्या ताब्यात, गुप्त अंक कोणालाही न सांगितलेला. दर आठवड्याच्या मिळकतीतून आधी बचत बाजूला, मग खर्च. प्राप्तिकराच्या कायद्यापुढे उत्पन्न हे उत्पन्नच. मोठी रक्कम वर्षानुवर्षे हिशेबाबाहेर राहिली, तर पुढे घर घेताना किंवा कर्ज मागताना तीच आडवी येते, म्हणून चांगल्या कर सल्लागाराकडे एकदा जाऊन यावे. दर महिन्याला किती साठले आणि किती वर्षांनी हे काम सोडता येईल, याचा आकडा वहीत लिहून ठेवावा. ही वाट सोडण्याचा दिवस आकड्यावाचून येत नाही. आणि खात्याला वारस नेमावा. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत एकाऐवजी चार नावे देता येतात. अर्ज एका पानाचा आहे आणि त्यात खातेदार काय काम करते हे कोणी विचारीत नाही.