डांगर म्हणजे भात की भोपळा?

संशोधनातून सिद्ध झालेले ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणे म्हणजे कृषी विस्तार. आणि समोरच्याची भाषा, चालीरीती व ऋतुमान आपल्याहून वेगळे आहे हे ओळखून स्वतःची कार्यपद्धती बदलता येणे, यास आंतरसांस्कृतिक क्षमता म्हणतात. सुरत जिल्ह्यात तिची कसोटी पावलोपावली लागते. गुजराती विस्तारक ‘डांगर’ म्हणतो तेव्हा त्याला भाताचे पीक अभिप्रेत असते, मराठी कानाला मात्र लाल भोपळा ऐकू येतो. मांडवी, उमरपाडा या तालुक्यांत तर चौधरी, गामित, वसावा समाजांच्या स्वतंत्र बोली आहेत आणि त्यांना अशुद्ध गुजराती समजणे ही विस्तारकाची पहिली चूक ठरते. बारडोली परिसरात ऊसतोडीसाठी डांग व खानदेशातून येणाऱ्या मजूर जोडीला ‘कोयता’ म्हणतात, म्हणजे माणसांना अवजाराचेच नाव, आणि ते कोणाला खटकतही नाही! हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालत असल्याने या कुटुंबांतील तरुण कृषी विस्ताराच्या हिवाळी युवा शिबिरांच्या वेळी ना आपल्या गावी असतात, ना पडावाच्या, म्हणजे तोडणीकाळातील मुक्कामाच्या, गावातील यादीत. म्हणून शिबिराची तारीख पंचांगाप्रमाणे नव्हे, तर तोडणीच्या वेळापत्रकाप्रमाणे ठरवावी लागते आणि पत्रक गुजरातीबरोबरच अहिराणी व डांगीतूनही वाचून दाखवावे लागते.