पाहुण्यानें दारानेंच यावें

पायथन ही संगणकाची भाषा हॉलंडचे ग्वीडो व्हान रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केली. तिच्यांतील आज्ञा वाचून त्या अमलांत आणणारा एक दुभाष्या असतो. त्यास इंटरप्रिटर म्हणतात. सर्वांच्या परिचयाचा दुभाष्या सी भाषेंत रचलेला असून त्याचें नांव सीपायथन. जें काम अतिशय वेगानें व्हावयास हवें तें पुष्कळदां सी भाषेंत लिहून या दुभाष्यास जोडतात. या जोडभागास एक्स्टेन्शन म्हणतात. आपला प्रश्न येथेंच उद्भवतो.

सीपायथनमध्यें प्रत्येक वस्तूबरोबर एक आंकडा असतो: ती किती ठिकाणीं धरून ठेवली आहे याचा. जोडभाग वस्तु घेतांना तो एकानें वाढवितो, सोडतांना कमी करतो. शून्य झाला कीं वस्तूची जागा मोकळी होते. म्हणजे पाहुणाच घरमालकाची खातेवही लिहितो! पायपाय नांवाच्या दुसऱ्या दुभाष्याकडे अशी वहीच नाहीं. तो प्रसंगीं वस्तूंची जागा बदलतो आणि निरुपयोगी वस्तू अधूनमधून झाडून काढतो. शुद्ध पायथनमधील दीर्घ काम तो पुष्कळदां अधिक वेगानें करतो. परंतु सीपायथनच्या रीतीचा पाहुणा आला कीं त्याच्यासाठीं वहीची नक्कल करीत बसावें लागतें, आणि मिळविलेला वेग तेथेंच खर्ची पडतो.

यावर तीन उपाय सुचले. २०११ च्या पायथन ३.२ पासून सीपायथननें मोजकीं दारें ठरवून दिलीं: तेवढ्याच दारांनीं ये-जा करणारा जोडभाग पुढील आवृत्त्यांतही पुन्हा न बांधतां चालावा. मात्र हें वचन सीपायथनपुरतेंच; शिवाय २०२४ च्या ३.१३ मध्यें अनेक धागे खरोखर एकाच वेळीं चालविणारा प्रायोगिक प्रकार आला, तेव्हां आंकडा ठेवण्याची रीत बदलली आणि तें वचन त्यास लागू पडलें नाहीं. दुसरा उपाय सीएफएफआय. त्यांत सी भाषेंतील मूळ भागास दुभाष्याची ओळखच ठेवावी लागत नाहीं. तिसरी कल्पना एचपायची: वस्तूऐवजीं तिची चिठ्ठी हातीं द्यावी, वस्तु कोठें ठेवावी हें दुभाष्यानें पाहावें.

हा केवळ कारागिरांचा वाद नव्हे. ज्यानें भिंतींत हात घातला त्याला प्रत्येक दुरुस्तीची धास्ती. आणि घरमालकासही भिंत हलवितां येत नाहीं, कारण असंख्य पाहुण्यांचे हात तींत अडकलेले! त्यामुळें अधिक चांगलें घर उभें राहिलें तरी तेथें राहावयास जाणें अवघड होतें. म्हणून जोडभाग रचणाऱ्यानें दुभाष्याकडे मागावें तें दाराशीं उभें राहून मागावें, आणि त्याची वही त्यालाच लिहूं द्यावी. आज थोडा वेग कमी पडेल. पण उद्यां घर बदलण्याची मोकळीक राहील.